बूस्ट, डिझेल आणि अर्धा किलो हळद

३ ऑक्टोबर २०१२
आजपासून रोजनिशी. कारण मोठं आहे. २४ तारखेला, दसऱ्याला, आमची मोहाडीची वस्ती धम्मचक्र दिनासाठी दीक्षाभूमीवर माझ्या ट्रकने जाणार. आई दरवर्षी एसटीत उभी राहून जाते आणि पाय सुजवून येते. यंदा ती केबिनमध्ये माझ्या बाजूला बसणार. सगळ्यांसमोर शब्द दिलाय.
ट्रक सेकंडहँड, पण टर्बोवाला. शेजारच्या इश्वरकडे बिनटर्बोचा जुना डबा. माझी एकच अडचण: तांदळाची पोती भरली की चढावर गाडी दमते. किरकोळ काम आहे.

५ ऑक्टोबर
दीक्षाभूमीच्या वाटेवरच्या शहापूरला बाबुलाल मिस्त्रीकडे गेलो. म्हटलं, पंप वाढव, डिझेल जास्त सोड. तो म्हणाला, अंकुशभाऊ, टर्बो हवा देते, पंप डिझेल देते, अन् गरमी फुकटात येते. तिघाइचं जमलं पाह्यजे, एक वाढवलं का दुसरं बोंबलते. मिस्त्री लोकांना प्रवचनाची सवय असते. त्याने पंपाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. तो चहा सांगायला गेला तेव्हा मी आणखी एक फेरा दिला.

६ ऑक्टोबर
काय धूर! काळाकुट्ट. मागचा मोटारसायकलवाला दिसेनासाच झाला. पॉवर म्हणतात ती हीच.
बायको म्हणते दोरीवरचे कपडे काळे झाले. रीनाला इंजिनातलं कळत नाही. अ‍ॅव्हरेज पडला आहे, पण तो हवेमुळे असावा.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. हे मला आपोआप सुचलं. (बाबुलालही तसंच काहीतरी म्हणाला होता.) म्हणून टर्बोची सळई आखूड केली, बूस्ट म्हणजे हवेचा दाब वाढवला. आंबागडकडच्या चढावर भरली गाडी अशी सुटली की इश्वर मागे पडला. हॉर्न दोनदा दिला.
गरमीचा काटा थोडा वर. थोडाच.

१२ ऑक्टोबर
काटा बराच वर. थर्मोस्टॅट काढून फेकला. पाणी मोकळं फिरलं की इंजिन थंड राहणार, साधी गोष्ट आहे. कंपनीवाले उगाच पार्ट वाढवतात.

१४ ऑक्टोबर
रेडिएटर ठिबकतोय. ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय म्हणजे हळद. दोन चमचे टाकले की बारीक छिद्र बुजतं. दोन चमच्यांनी बुजतं, तर अर्ध्या किलोने जन्मभराची निश्चिंती. घरातला मोठा डबा ओतला. ठिबकणं बंद! रिकामा डबा झाकण लावून जागेवर ठेवला. रोजच्या मसाल्याच्या डब्यात थोडी हळद आहे, तेवढ्यात दसरा निघेल.
रीनाने माझे हात पाहून विचारलं, कोनाची हळद लावून आले?

१८ ऑक्टोबर
काटा लाल पट्टीत. छिद्राबरोबर पाण्याच्या बाकी वाटाही बुजल्या असतील का, असा प्रश्न मनात आला. विषय बदलला. शहापूर टाळून आलो. बाबुलाल फार वेळ घेतो.

२१ ऑक्टोबर
शोध लागला: काटाच खराब आहे. वायर काढली. काटा जो खाली बसला तो हलला नाही. खूप बरं वाटलं.

२३ ऑक्टोबर, दुपार
केबिनमध्ये नवी चादर घातली. आई दोनदा चढून, बसून पाहून गेली. म्हणाली, वरून रस्ता केवढा दिसते रे बापा. मला भरून आलं. वायर परत जोडावी असं वाटलं. जोडली नाही. काटा नुसता घाबरवतो.

२४ ऑक्टोबर, सकाळी ६
विहारात सगळ्यांनी पंचशील म्हटलं. खोटं न बोलण्याचं शील आलं तेव्हा मी जरा हळू म्हटलं. बत्तीस माणसं. आई पांढऱ्या लुगड्यात, माझ्या बाजूला. निघतो.

सकाळी ८
शहापूरच्या अलीकडे वाफ. समोरचा रस्ता दिसेना. लोकांनी प्यायला आणलेलं सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. जितकं गेलं तितकं पिवळं होऊन बाहेर आलं. स्टार्टर मारला. आतून खाटकन आवाज झाला आणि मग काहीच नाही.
बत्तीस जणांनी धक्का मारत गाडी बाबुलालच्या दारात आणली. आईसुद्धा धक्का मारत होती. मी ओरडलो, आई, राहू दे. ती म्हणाली, तू स्टेरिंग धर बाबू.

सकाळी ९
इश्वर चाळीसच्या स्पीडने आला. दुसऱ्या मोहल्ल्याची माणसं दीक्षाभूमीला नेत होता, तरी सगळ्यांना दाटीवाटीने घेतलं. केबिन त्याच्याकडच्या म्हाताऱ्यांनी भरलेली. आई मागे उभी राहिली.
त्याने हॉर्न दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

२५ ऑक्टोबर, दुपार
बाबुलालने इंजिनाचं हेड उघडलं. एक पिस्टन वितळलेला, हेडला तडा. रेडिएटरच्या नळ्यांत हळदीचा चिखल. मला वाटलं आता प्रवचन देईल. त्याने फक्त आपलं पिवळं बोट दाखवलं आणि कापडाला पुसलं.
घरी आलो. आई नुकतीच पोचली होती. पाय इतके सुजलेत की घोटे दिसत नाहीत. मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. ती म्हणाली, दरसालच सुजते बापा, तू जेवला का?
आज कुणाला कुठलाच शब्द दिला नाही.
रीनाने सुजेवर लावायला तेल गरम केलं आणि फळीवरून हळदीचा मोठा डबा काढला. झाकण उघडून माझ्याकडे पाहिलं.
ती इश्वरच्या घरी हळद मागायला गेली आहे.