बाबांच्या चषकाला रुंद बोट

बाबा, तुमच्या नावाचा चषक निघालाय. दिसतो पितळेचा, आत काय आहे ते मी खरवडून पाहिलेलं नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांनी एकेकट्या बोटीत बसून वल्हवायचं, आपल्याच धरणाच्या पाण्यावर, दर हिवाळ्यात. चषकावर तुमचं नाव कोरलंय आणि नावाच्या आधी 'कै.' आहे. ते 'कै.' वाचताना मला दर वेळी बरं वाटतं. तुम्ही होता तेव्हा क्लबातला एकही माणूस तुमच्या शेजारच्या खुर्चीवर बसून चहा प्यायला तयार नसायचा. आता तेच लोक तुमच्या फोटोला हार घालताना चष्मा काढून डोळे पुसतात. मेलेला माणूस भोंग्यातून ओरडत नाही, हा त्याचा मोठाच गुण आहे.

मला तो चषक हवा होता. उगाच आढेवेढे घेत नाही. तुमचं नाव असलेली वस्तू मला माझ्या घरी आणून शोकेसमध्ये, बायकोच्या काचेच्या बदकांच्या मधोमध ठेवायची होती. आणि ती भाऊंना हरवून आणायची होती. दुसऱ्या कोणाला हरवून आणली असती तर तिचं मी काय केलं असतं, सांगता येत नाही. बहुतेक तिच्यात पेनं ठेवली असती.

भाऊ आता साठीच्या पुढं गेलेत. तलावकाठच्या मासे धरणाऱ्या घरातला तो पोरगा शाळेत असताना तुम्ही उचलून आणलात, बोटीत बसवलात, आणि खेळाडूंच्या कोट्यातून राजुऱ्याकडच्या खाणीत चिकटवलात. ते अजून तुम्हाला 'मास्तर' म्हणतात आणि मला 'छोटे मास्तर'. दुसऱ्यात जी चव आहे ती पहिल्यात नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी ते असे काही रडले की कॉलनीतले लोक त्यांच्याच खांद्यावर हात ठेवून धीर देत होते. मी बाजूला उभा राहून लाकडं आली का बघत होतो. एक बाई मला म्हणाली, "तुमी कोन? शेजारचे का?" मी हो म्हणालो.

तुम्ही मला वल्हवायला शिकवलं ते पाण्यावर नाही, स्वयंपाकघरात. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. आईच्या हातातलं लाटणं तुम्ही काढून घेता, दुसरं शेजारून मागवता, मला पाटावर बसवता आणि दोन्ही लाटणी माझ्या मुठीत देता. या बोटीत दोन वल्ह्यांचे दांडे ओढताना एकमेकांवरून जातात, म्हणून डावा हात वर आणि उजवा खाली, हा सगळ्या विद्येचा पाया. माझा उजवा वर जातो. तिसरं लाटणं नव्हतं म्हणून तुम्ही माझ्याच मुठीतलं घेऊन माझ्याच बोटांवर मारता आणि परत माझ्याच हातात देता. तव्यावर धूर होतोय. आई म्हणते, "मले पोळ्या लाटू द्या जी, मंग बोट चालवा." तुम्ही म्हणता, "याच्या हातानं पोळी बी नाई होनार अन् बोट बी नाई." त्या संध्याकाळी आपण सगळ्यांनी भात खाल्ला. माझा डावा हात आजही वर जातो, पोळी तोडताना सुद्धा.

अठरावं लागलं तेव्हा तुम्ही मला भेट दिली, आयुष्यातली एकुलती एक. लाइफ जॅकेट. नारिंगी. बाकी कोणत्याच पोराला नव्हतं. सगळ्यांसमोर घालायला लावलंत आणि म्हणालात, "याले लागन." त्याच महिन्यात तुमची स्वतःची वल्ही तुम्ही भाऊंना दिलीत. पोरं हसली, आणि भाऊ सगळ्यांत शेवटी हसायचे थांबले, ते मी लक्षात ठेवलं. मला लक्षात ठेवायची सवय आहे. नंतर त्याच सवयीवर मी पेपरात टोचणारं लिहून नाव मिळवलं. लोक म्हणतात, इतकं कडू कुठून सुचतं. मी म्हणतो, घरचंच आहे.

आपल्या खेळाची एक खोड तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत, पण माहीत तुम्हाला असणारच. मासे धरायच्या डोंग्यात माणूस पुढं बघत जातो. आपण पाठमोरे बसतो. जायचं असतं ते पाठीमागं आणि डोळ्यांसमोर सोडून आलेलं पाणी. त्यामुळं शर्यतीत जो पुढं असतो त्याला मागचे सगळे दिसतात, म्हणजे त्यांच्या पाठी दिसतात. आणि जो शेवटी असतो त्याला कोणीच दिसत नाही, नुसतं रिकामं पाणी. मी कायम शेवटी. माझ्या तरुणपणाचा सगळा देखावा म्हणजे रिकामं पाणी, त्यावर तुमची लाँच, आणि लाँचमध्ये भोंगा धरून तुम्ही. "पोहत आला असता त लवकर पोचला असता." हे काठावरच्या कपडे धुणाऱ्या बायांनाही ऐकू जायचं. त्यातली एक मला पुढं कितीतरी वर्षं बाजारात भेटली की विचारायची, "पोहनं शिकला का रे बाबू?"

तर या वयात मी परत बोटीत बसलो, आणि तुम्ही जे जे हराम ठरवलं होतं ते ते एकेक करून केलं. आधी बोट. तुमची ती लाकडी, गवारीच्या शेंगेसारखी अरुंद, श्वास चुकला तरी कलंडणारी. ती भाऊंकडे आहे आणि ते तिलाच चिकटून आहेत. मी फायबरची घेतली, रुंद बुडाची. पन्नाशीनंतर तोल सांभाळण्यात निम्मा जीव जात असेल तर ओढायला उरतं काय? ती पहिल्यांदा धक्क्याला लागली तेव्हा भाऊ डोक्याला दुपट्टा गुंडाळत बराच वेळ बघत राहिले. "छोटे मास्तर, हे बोट हाये का म्हैस?"

"रुंद आहे जरा. स्थिर राहते."

"तेच म्हनून राह्यलो. दूध किती देते?"

मग वल्ही. तुमची ताठ आणि जड. पाणी धरलं की झटका सरळ खांद्यात. खांद्याची माझी तक्रार जुनीच. चंद्रपूरचे हाडांचे डॉक्टर स्वतः आमच्यात वल्हवतात. त्यांनी खांद्याचा एक्स-रे उजेडापुढं धरला आणि म्हणाले, "वल्ही बदला, नाहीतर खांदा बदलू." मी हलकी घेतली, लहान पात्याची, दांडा किंचित लवणारा. प्रत्येक ओढीत पाणी थोडं कमी सरकतं, पण शेवटपर्यंत सरकतं. मुठी जाड करून घेतल्या, कारण सकाळी माझी बोटं वळायला वेळ लावतात. पाय टेकायची फळी खाली उतरवली. माझ्या कमरेला हल्ली वाकायला सांगितलं की ती आधी अर्ज मागते. टोपीच्या कडेला दातांच्या डॉक्टरकडं असतो तेवढा आरसा लावला, पाठीमागं बुडालेल्या सागाचं खोड आलं तर कळावं म्हणून. तुम्ही मान वळवून बघणाऱ्याला बायको म्हणायचात. आरसा लावणाऱ्याला काय म्हणाला असतात, ते मी रोज सकाळी मनात बनवायचो. तुमच्यापेक्षा मला बरं जमायचं.

आणि सराव. तुमचा सराव म्हणजे ओकारी येईपर्यंत ओढायचं, मग ओकायचं, मग तोंड धुऊन पुन्हा ओढायचं. मी उलट केलं. बहुतेक दिवस संथ आणि लांब, शेजारच्या बोटीतल्याशी बोलता येईल इतक्याच दमानं. अधूनमधून जोर. आणि सुट्टी. हो, सुट्टी. आमच्या वयाला सुट्टीतच ताकद येते असं डॉक्टर म्हणतात. भाऊ त्यावर खोकल्यासारखं हसायचे. "मास्तर अस्ते त तुले सुट्टीच्या दिवशी धरनाभवती पळवलं अस्तं." सकाळी वनरक्षक फाटकावर अडवायचा, "पट्टेवाली पिल्लं घेऊन पान्यावर हाये, थांबा जरासे," तेवढा वेळही भाऊ जमिनीवर उठाबशा काढायचे. मी डब्यातली फळं खायचो. वर्षभरात भाऊंच्या पाठीला पट्टा लागला, आणि माझी म्हैस हळूहळू त्यांच्या शेंगेच्या बरोबरीनं धावायला लागली. त्यांनी ते बघितलं. दुसऱ्या दिवशीपासून उठाबशा वाढवल्या.

शर्यतीला आम्ही तिघंच. भाऊ, हाडांचे डॉक्टर आणि मी. बाकीच्यांना गुडघे होते. पाहुणे उशिरा आले, तुमच्या फोटोला हार घालून 'मास्तरांची शिस्त' यावर बोलले, आणि मग लाँच मागितली, कारण पलीकडच्या काठाला वाघीण दिसली होती. म्हणजे शर्यत सुटली तेव्हा मागं लाँच नव्हती. माझ्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मागं लाँच नव्हती.

मी सुरुवातीला घाई करत नाही. भाऊ सुटतात ते तुम्ही शिकवल्यासारखे, जीव घेऊन. अर्ध्यापर्यंत ते पुढं. मग त्यांच्या वल्ह्यांचा आवाज माझ्या बाजूला येतो, मग माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात दुपट्टा येतो, आणि मग, बाबा, भाऊ माझ्या समोर येतात. म्हणजे त्यांची पाठ. चाळीस वर्षांत मी ती कधी पाहिली नव्हती. पट्ट्याच्या वर घामानं काळी पडलेली बनियन, मानेवर सुरकुत्या, आणि प्रत्येक ओढीला खांदा थोडा उशिरा उठतोय. ती पाठ लहान होत जाते. लहान, आणखी लहान. इतकं सुंदर दृश्य मी ताडोबातही पाहिलेलं नाही.

आणि ती पाठ थांबते. वल्ही पाण्यावर आडवी पडतात. पाठ पुढं वाकते, डोक्यावरचा दुपट्टा नाहीसा होतो, आणि बोटीत माणूस दिसायचाच बंद होतो. डॉक्टर त्यांच्याही मागं, आणि पाठमोरे. त्यांना भाऊ दिसणं शक्य नाही. लाँच वाघिणीकडं. काठावरच्यांना उन्हाच्या तिरपीत काही कळत नाही. सगळ्या पाण्यावर भाऊंना बघू शकणारा माणूस मी एकटाच. आणि माझ्या पाठीशी, आरशात, शेवटच्या रेषेचे झेंडे.

मी बोट वळवली. रुंद बोट वळायला किती वेळ घेते ते तुम्हाला कळणार नाही, तुम्ही कधी बसला नाहीत. एक वल्हं पुढं, एक मागं, पुन्हा, पुन्हा. त्याच वेळात डॉक्टर आपल्या नादात निघून गेले. मी भाऊंपर्यंत पोहोचलो, म्हैस त्यांच्या शेंगेला समांतर लावली आणि पाहिलं.

दोन्ही दांडे पोटाशी दाबून ते पायाकडं वाकले होते. पाय फळीला धरून ठेवणारा चामड्याचा जुना पट्टा तुटला होता, तुमच्याच हातचा असावा, आणि त्या जागी ते दुपट्ट्यानं पाय बांधत होते. गाठ दातांनी आवळली. मग मान वर केली.

"काऊन बे? काई राह्यलं का मांगं?"

मी म्हणालो, "तुम्ही ठीक आहात ना?"

"मी? मले काय धाड भरली?" आणि निघाले. माझ्या बोटीचं तोंड सुरुवातीच्या रेषेकडं होतं. ती परत वळेपर्यंत भाऊंनी डॉक्टरांना गाठलं, ओलांडलं, आणि चषक जिंकला. मी शेवटचा आलो. तुमच्या चषकात सुद्धा.

पुढचं तुम्हाला आवडलं असतं. पाहुण्यांनी माझ्यासाठी खास बक्षीस काढलं, शाल आणि नारळ, खिलाडूपणाबद्दल. हातातोंडाशी आलेला विजय सोडून सोबत्यासाठी माघारी फिरलो म्हणून. 'हे मास्तरांचे संस्कार', असं ते माइकवर म्हणाले. बाबा, ते तुम्हाला मिळालं. मी हरलो आणि श्रेय तुम्ही नेलंत, कैलासवासी होऊनसुद्धा. भाऊंना बोलायला सांगितलं तर चषक काखेत धरून म्हणाले, "छोटे मास्तर थांबले नसते त मी हारलोच होतो. अक्कल नाई, पन मन चांगलं हाये त्याचं." लोक हसले, मग टाळ्या वाजवल्या. बायकोनं तो नारळ फोडला, चांगला निघाला.

तेव्हापासून कॉलनीत लोक मला नमस्कार करतात. भाऊ सकाळी धक्क्यावर माझी बोट धरून ठेवतात, मला उतरायला हात देतात, जे त्यांनी कधी कोणासाठी केलं नाही. काल म्हणाले, पायाचा पट्टा नवा घेतो, तुझ्यासारखा, चिकटणारा. मी म्हणालो, घ्या. हे सगळं मी स्तंभात लिहायला बसलो होतो, भट्टी चांगली जमली असती, पण तो मजकूर पेपराला दिला नाही. तिथं मला खरं लिहावं लागलं असतं, आणि भाऊ पेपर वाचतात. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुमच्या पत्त्यावर पोस्टमन जात नाही.

मी भाऊंना वाचवायला परत फिरलो नव्हतो, बाबा. तुमचा लाडका संपताना कसा दिसतो, ते मला बघायचं होतं. आणि पुढं असलं की नुसती पाठ दिसते.