अक्कलदाढ आणि अबोला

३ फेब्रु., मंगळ.
सुजाता चांदीपला माहेरी जाऊन आज नऊ दिवस. अबोला चालूच. त्यात ही दाढ! डावीकडे, खाली, अगदी शेवटची. बत्तिसाव्या वर्षी अक्कलदाढ येतेय, तीही अर्धीच. हिरडी टम्म. लवंग धरली, जीभच भाजली.

४ फेब्रु.
वरणभात गार करून नुसता गिळला. चूक माझी, हे इथे तरी लिहितो. तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आठ दिवस इथे राहणार होत्या. मी म्हणालो, ‘घर आहे की धर्मशाळा?’ सासूबाई बाहेरच्या खोलीतच बसल्या होत्या. ऐकलं त्यांनी.

५ फेब्रु.
गाल सुजला. गरम कपड्याने शेकला. तोंड बोटभरच उघडतं. ऑफिसात शिपाई म्हणतो, ‘साहेब, मौनव्रत काय?’ घरी आल्यावर टीव्ही मोठ्याने लावला. कोणीतरी बोलत असावं म्हणून. फार एकटं वाटतंय.

६ फेब्रु.
तिचा फोन! आपणहून!
‘जेवलास?’ – ‘हं.’
‘आईला दिसतंय आता नीट.’ – ‘हं.’
जबडा हलेना, तोंडात नुसती थुंकी.
‘अजून राग गेला नाही ना? राहू दे मग.’ ठेवला.
मेसेज करायला काय धाड भरली होती? बोटं धड होती. पण वाटलं, आवाजावरून हिला कळू नये? मूर्ख.

७ फेब्रु., शनि.
ताप. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. अर्ध्या दाढेवर हिरडीचं झाकण, त्याखाली अन्न अडकून पू. धुऊन काढलं. आई गं! गोळ्या, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. ‘बाहेरून शेक अजिबात नको हं.’ घ्या! सूज उतरली की शुक्रवारी दाढ काढणार. ‘घरचं कोणीतरी बरोबर आणा.’ मान हलवली. घरचं कोण?

१० फेब्रु.
सूज कमी. चार वर्षं बोळिंजला राहतोय, शेजाऱ्याचं पहिलं नाव माहीत नाही. शेवटी तिलाच मेसेज. ‘शुक्र. दाढ काढायचीय. त्या दिवशी तोंड उघडत नव्हतं. येशील?’ निळ्या टिक्स आल्या, म्हणजे वाचला. उत्तर नाही. आईंबद्दल लिहायचं राहिलंच. राहिलं कसलं, टाळलं.

१३ फेब्रु., शुक्र.
आली. थेट दवाखान्यात. बॅग मांडीवर घेऊन शेजारी बसली. दाढ निघाली. कापसाचा बोळा दाबून धरायचा, तासभर बोलायचं नाही.
रिक्षात म्हणाली, ‘सांगायचं होतंस रे.’ मग बाहेर बघत, ‘उद्या सकाळी परत जाते. आईबद्दल अजून एक शब्द काढला नाहीस तू.’
आता आत पेज करतेय. बॅग दाराशीच. बोळा काढायला अजून वीस मिनिटं, आणि तोवर माझा धीर जाईल, ओळखतो मी मला. या वहीचंच पान फाडून लिहिलं, ‘चुकलो. आईंना घेऊनच ये.’ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. तिची पाठ होती. कागद खिशात घालून परत येऊन बसलो.
आतून विचारतेय, ‘मीठ किती घालू?’ सांगायला उठून जावं लागेल.