टबाच्या टायमरचा पंचनामा

ती. दादा यांना,

गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुमची प्रकृती, वहिनींचा खोकला, तुमच्या मागच्या दारची गळकी तोटी आणि वर्तमानपत्रातलं अर्धवट शब्दकोडं हे सगळं ठीक असेल अशी आशा करतो. (पाकिटाच्या जोडावर मी आडवी सही केली आहे. ती मधे तुटलेली दिसली तर पत्र आधीच कुणीतरी वाचलंय असं समजावं. तुमच्या घरात सध्या असं कोण करेल ते मी सांगायला नको.) तुमची बहीण, म्हणजे आमची ही, गेल्या मंगळवारपासून तुमच्याकडे आहे. तिने तिची बाजू चहाबरोबर सांगितली असेल आणि तुम्ही मान डोलावली असेल; तुम्ही लहानपणापासून तिच्या बाजूने मान डोलावत आला आहात. म्हणून ही माझी बाजू, कागदावर. दोन्ही ऐका आणि तिला समजावून परत पाठवायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

मुळात या हॉट टबची हौस मला नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गुडघ्यांना रोज वीस मिनिटं गरम पाण्याचा शेक द्या. मी बादलीचा विचार करत होतो, तर परगावच्या चिरंजीवांनी थेट मागच्या अंगणात सहा माणसं बसतील एवढा टब उतरवून घेतला. (दोघांना सहा जणांचा टब कशाला, असं मी विचारलं. ‘आम्ही येऊ ना कधीतरी,’ हे उत्तर मला आजही संशयास्पद वाटतं.) नुसतं गरम पाण्यात जाऊन बसायचं, एवढंच काम असा माझा समज होता. पण ते पाणी रुसलेल्या जावयाच्या वरताण निघालं. आधी त्याची अल्कलिनिटी (म्हणजे क्षारपणा) शंभराच्या आसपास आणायची, मग पीएच साडेसाताच्या आगेमागे, आणि मग क्लोरीन. क्रम चुकला की पहिल्यापासून सुरुवात. खायचा सोडा टाकून अल्कलिनिटी चढवली तर पीएचही तिच्यामागून वर जातो, आणि पीएच उतरवायला आम्ल टाकलं तर अल्कलिनिटी पाय घसरल्यासारखी खाली येते. पहिल्या आठवड्यात मी सोडा, आम्ल, सोडा, आम्ल असं इतक्या वेळा केलं की ही म्हणाली, “त्या पाण्याला आता पित्त झालं असेल. एक दिवस उपाशी ठेवा त्याला.”

तुम्हाला ठाऊकच आहे, माझी तीस वर्षं वजनमापे खात्यात गेली. पारड्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा मी दुकानाच्या पायरीवरूनच ओळखायचो. त्यामुळे टबाची रसायनं विकणाऱ्या दुकानदारालाही (त्याला सगळे पाणीडॉक्टर म्हणतात, पदवी कुठली असं मी विचारलं, तो नुसता हसला, मी नोंद करून ठेवली) मी पहिल्या भेटीतच ओळखलं. म्हणाला, फिल्टर दिवसाला आठ तास चालवा, चार सकाळी, चार संध्याकाळी. आता जो फिल्टर विकतो त्यानेच फिल्टर किती झिजवायचा ते सांगायचं, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! मी घरी येऊन टायमर दोन तासांवर लावला. त्याच्या पत्रकात आणखी एक नियम होता: टबात उतरण्याआधी अंग स्वच्छ धुवावं आणि अंगाला काही चोपडू नये. म्हणजे अंघोळ करून अंघोळीला जायचं. (हा साबणवाल्याचा मावसभाऊ असणार.) माझा क्रम ठरलेला आहे. हाडवैद्याचं तपकिरी मलम दोन्ही गुडघ्यांवर चांगलं थापायचं, दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि मग टबात उतरायचं. गरम पाण्याने ते आत झिरपतं. खोटं नाही सांगत दादा, पंधरा-वीस दिवसांत मी कठड्याला हात न लावता जिना चढायला लागलो.

पण पाण्यात काहीतरी काळंबेरं होतं. संध्याकाळी क्लोरीन टाकून ते मोजायची कागदी पट्टी बुडवावी तर झकास जांभळी, आणि पहाटे मोजावं तर पांढरीफटक. एवढं क्लोरीन जातं कुठे? त्याला काय पाय फुटतात? माझा पहिला संशय शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांवर गेला. ते रोज कुंपणावरून ‘काय, आज डुंबलात का?’ असं विचारतात, आणि ज्याला दुसऱ्याच्या डुंबण्याची एवढी चौकशी त्याचा स्वतःचा पंचा कुठे वाळतो ते पाहायला हवं. मी टबाच्या झाकणावर पीठ भुरभुरून ठेवलं. सकाळी त्यावर पावलं उमटली होती, पण ती मांजराची. मग टायमर तपासायचं मला सुचलं (हे आधी सुचायला हवं होतं, खात्यात असतो तर ताशेरे बसले असते) आणि बघतो तर काय, दोनाचे आठ! मी पुन्हा दोन केले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ. असं सलग चार दिवस. शेवटी निवृत्तीच्या वेळी परत करायची राहून गेलेली सील ठोकायची पक्कड (हे आपल्या दोघांतच ठेवा) मी माळ्यावरून काढली, टायमरच्या डबीला तार ओवली आणि शिशाचं सील ठोकलं. हे सोमवारी. मंगळवारी सकाळी तार कापलेली आणि टायमर आठावर.

मग कुठलाही जबाबदार माणूस जे करेल तेच मी केलं. पंचनामा लिहिला. पंच म्हणून हेडमास्तरांना बोलावलं, कारण पिठाने त्यांना निर्दोष सोडलं होतं. ही धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला जेवणाच्या टेबलाशी बसवून रीतसर विचारलं, तर म्हणाली, “मीच कापली तार. रोज आठ तास मीच करते.” का, असं विचारलं तर तिने हातातल्या पंचाची घडी पुरी केली. म्हणून ‘आरोपीने समाधानकारक खुलासा केला नाही’ असं लिहून कागद सहीला पुढे केला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला, ‘आरोपी’ या शब्दावर बोट ठेवलं, सही केली आणि म्हणाली, “छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याबद्दल चार ओळी लिहिल्यात. आता लावा सील आणि सांभाळा पाणी.” हेडमास्तर छताकडे बघत बसले. तासाभरात ही बॅग घेऊन गाडीत बसली होती.

यात माझं काय चुकलं ते तुम्हीच सांगा. ‘आरोपी’च्या जागी ‘संबंधित व्यक्ती’ असं लिहिता आलं असतं, मान्य. पण सील तोडणं ते सील तोडणंच, मग ते बायकोने तोडलं म्हणून काय झालं? पाणीडॉक्टरचं दुकान तिच्या भाजीच्या वाटेवर आहे, ही गोष्टसुद्धा मी तुमच्या नजरेस आणून देतो. घर फार शांत झालंय. फिल्टर दोन तास गुणगुणतो आणि बाकीचे बावीस तास मी एकटा. तिला दोन शब्द सांगा. वहिनींना नमस्कार.

तुमच्या बहिणीचा (तूर्त एकटा) नवरा

ता. क. पत्र टाकायला चार दिवस उशीर झाला (कोपऱ्यावरच्या टपालपेटीचं कुलूप मला ढिलं वाटलं). या चार दिवसांत नवं सील जसंच्या तसं आहे आणि पाणी मात्र आधी दुधाळ झालं, मग फेसाळलं, आता वास मारतंय. संशयित एकही उरलेला नाही. ही तुमच्याकडे, हेडमास्तर कुंपणाकडे फिरकत नाहीत, मांजरही येत नाही. म्हणून खात्याच्या पद्धतीने तपासणी केली. दोन बादल्या स्वच्छ पाणी घेतलं, दोन्हींत सारखं क्लोरीन टाकलं, आणि एकीत बोटभर मलम कालवलं. संध्याकाळी साध्या बादलीतली पट्टी जांभळी, आणि मलमाच्या बादलीतली पांढरीफटक, वर फेस. तीस वर्षं लोकांची पारडी उलटी करून पाहिली, दादा. मेणाचा गोळा माझ्याच गुडघ्यांवर होता.

दुसरा ता. क. पट्ट्यांची नवी डबी शोधताना हिच्या शिवणाच्या डब्यात एक वही सापडली. (झडती घेत नव्हतो. शोधत होतो.) पहिल्या पानावर लिहिलंय: ‘मलमाने पाणी बिघडतंय. पाणीडॉक्टर म्हणतात मलम बंद करा, नाहीतर आठ तास फिल्टर आणि सकाळी चमचाभर क्लोरीन जास्त.’ त्याखाली दुसऱ्या दिवशीचं: ‘आज हे कठडा न धरता जिना चढले. मलमावर फार भरवसा आहे त्यांचा. बोलायचं नाही. आठ तास.’ मग पानंच्या पानं रोजची तारीख, पट्टीचा रंग आणि ‘आठ तास’. शेवटच्या सोमवारी: ‘सील ठोकलंय. कात्री.’ मी ती वही घेऊन टबाच्या काठावर बराच वेळ बसून होतो, कोरडाच. मला फार लाज वाटली, दादा.

तिसरा ता. क. हे पत्र तिला दाखवू नका. पाकिटावर सही केली आहे असं वर लिहिलंय खरं, पण डिंक मी मुद्दाम कमी लावला आहे, तिला सहज उघडता यावं म्हणून. तिने वाचलं असेल तर तुम्ही फक्त मान डोलवा, आणि गाडी किती वाजता पोचते तेवढं कळवा. मी फलाटावर येईन, मलम न लावता. पंचनाम्याची प्रत तिच्या बॅगेत असेल, ती फाडायला सांगा. पक्कड मी काल जाऊन खात्यात जमा केली. (पोच घेतली आहे.)