सालेकचा हात

सालेक,

तू शिडाच्या होडीने बाहेर समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या बोटीकडे आणि तिथून कामासाठी चोरून स्पेनच्या बेटांकडे निघालास, हे फक्त मला माहीत होतं. बाबांना सांगायचं नाही, अशी शपथ तू घातलीस. सकाळी त्यांनी "हा कुठे उलथला?" विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो.

तेवढ्यात समुद्रातून पाण्यावर काठी आपटल्याचा आवाज आला. हवेत वाळू इतकी होती की दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. बाबा ऐकत राहिले. "सालेकचाच हात," ते म्हणाले. "डॉल्फिनना बोलावतोय. पोरगं तयार झालं एकदाचं."

मला वाटलं, तुझा विचार बदलला. आनंदाने मी जाळं खांद्यावर घेतलं. डॉल्फिन खरंच आले, त्यांनी बोय मासे हाकत आमच्या जाळ्यात आणले. आम्ही हसत होतो. मग तुझ्या काठीचा आवाज थांबला. "दमला असेल," बाबा म्हणाले.

वाळू खाली बसली तेव्हा तुझी उलटी होडी दिसली.

मी एक शब्द बोललो असतो, तर जाळ्यांऐवजी होड्या निघाल्या असत्या. तू मासे धरायला गेला होतास, असंच बाबांना अजून वाटतं.

मला पंधरावं लागलं. काल त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "भावासारखी आपट," म्हणाले. "तसा हात मी जन्मात ऐकला नव्हता."

उद्या मला पाण्यात उतरायचंय.

तुझी शपथ पाळणारा,
मसूद