दादाला फोनवर जे सांगितलं

६ नोव्हेंबर
दादाला जाऊन आज महिना. घरात कोणी तारखेचा उल्लेख केला नाही. वयनीने सकाळी पेज केली, दोघी जेवलो, ताटं घासली. बाराव्यानंतर बेंगलोरला गेले होते, परवा परत आले; प्रयोगशाळेत कळवून रजा वाढवून मागितली. कारण म्हणून 'घरगुती' एवढंच लिहिलं.

दुपारी स्वयंपाकघरातून दादाचा आवाज आला. "होय रे, चिरे उद्या धाडतंय." मी पडवीत होते. हातातला कप खाली ठेवला, तो सांडला.

वयनी त्याच्या फोनवरची रेकॉर्डिंग ऐकते. त्याचा फोन सगळे कॉल आपोआप साठवत होता, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं.

७ नोव्हें.
परत. जेवण झाल्यावर चुलीजवळच्या पाटावर बसून. एकच कॉल ऐकते आणि फोन डब्यात ठेवते. विचारलं तर म्हणाली, "रोज एकच. सगळे एकदम ऐकलंय तर सरतीत."
महिन्यातले पाच-सहाच निवडते. सध्या जानेवारी चालू आहे.
मी दादाला ते फोनवर एप्रिलमध्ये...

९ नोव्हें.
लिहूनच काढते. कोणाला तरी सांगायलाच हवं, निदान या वहीला.

एप्रिल. आमचा प्रयोग नुकताच जमला होता. काचेच्या पेटीत वाळूचा ढीग, वरून दाणा दाणा टाकत राहायचं. आपला आपण सोडला तर ढीग मधेच कधीतरी प्रचंड कोसळतो, केव्हा ते सांगता येत नाही. पण संवेदकाने दाण्यांची बारीक कुजबूज ऐकून योग्य क्षणी पायथ्याशी हलकासा धक्का दिला तर बारीक बारीक घसरतो, आणि एकदम कोसळतच नाही. अठरा वर्षं मी याच प्रश्नावर आहे: ज्या गोष्टीचा अंदाज बांधता येत नाही, तिला आवर घालता येतो का? येतो! त्या आठवड्यात मी हवेत होते.

आणि दादाचा फोन. सड्यावरच्या, म्हणजे कातळी माळावरच्या, आमच्या जांभ्याच्या खाणीत, चिरे कापायच्या जागेच्या डोक्यावर वरची काढलेली माती साठवलेली. तिचा ढीग उंच होत चाललेला.
"हेमा, पडात काय गो तो?"
"पायथ्याकडसून वायच वायच ओढीत रव. बारीक बारीक पडांदे, मगे मोठा पडाचा नाय. आमी हयसर ह्याच करतो."
"शंभर टक्के?"
"शंभर टक्के, दादा."
तो हसला. मीही हसले.

ऑक्टोबरात, पावसानंतर खाण उघडली त्याच आठवड्यात, फावडं घेऊन पायथ्याशी तो स्वतः उभा होता. कामगारांना जवळ येऊ देत नव्हता. त्याने माती ओढली आणि ढीग त्याच्यावर आला.

१० नोव्हें.
वाळू कोरडी होती. भट्टीत वाळवून घेतलेली.
हे मी त्याला सांगितलं नाही. कारण माझ्या डोक्यात आलंच नाही.

१२ नोव्हें.
निखिलचा मेल. पूर्वी माझा विद्यार्थी, आता शोधनिबंधाचा सहलेखक. परीक्षकांचे अभिप्राय आलेत. पहिला खूश. दुसरा विचारतो: कणांमध्ये पाणी असेल तर ही पद्धत चालते का? लेखक याबाबत गप्प आहेत.
लेखक गप्प आहेत. हे वाक्य मी चार वेळा वाचलं.
नि. लिहितो: मॅडम, एक ओळ टाकू या, 'निष्कर्ष कोरड्या कणांपुरते मर्यादित'. आठ दिवसांत छापायला जाईल.
बरोबरच आहे त्याचं. ती ओळ आधीपासून खरीच होती.
उत्तर दिलं नाही.

१४ नोव्हें.
बाबलकडे गेले. खाणीवरचा जुना मुकादम, त्या दिवशी वरच्या कडेला उभा होता. मळ्यात भात झोडत होता. मला बघून खाली बसला.
म्हटलं, पडायच्या आधी काही दिसलं होतं का? भेग? थोडी माती सुटणं?
"कायच नाय गो. तोच तर. एप्रिल-मे मदी ओढला की वायच पडायचा. पाऊस झाल्यावर पडूकच नाय. कसो भिंतीसारखो उभो रवलो होतो. मालक खूश. म्हणी होते, बहिणीचा शास्त्र बगा."
पाणी प्यायले आणि निघाले.

१५ नोव्हें.
कट्ट्याच्या बाजारात जाऊन माशांची काचेची पेटी आणली. दुकानदार म्हणाला, मासे पण घेवा. नको म्हटलं.
खाणीवरून त्याच ढिगाची दोन पोती माती आणली. बाबलने डोक्यावरून आणून दिली, कशाला ते विचारलं नाही. अंगणात वाळत घातली. तांबडी माती, वयनीच्या पिठाच्या चाळणीने चाळली. तिला आधी विचारलं होतं. "घे," एवढंच म्हणाली.

१७ नोव्हें.
कोरडी माती: चमच्याने पायथा ओढला की वरून थोडी घसरते. दर वेळी. अगदी प्रयोगशाळेसारखं. शाबासकी द्यावी इतकं आज्ञाधारक.
दुपारी दादाचा आवाज: "वीज गेली हा, मगे करतंय." फेब्रुवारी.

१९ नोव्हें.
ओली माती. झाडांवर मारायच्या पंपाने पाणी, थर थर दाबून.
चमचा १: काही नाही. २: नाही. १०: नाही. पायथा आत पोखरला जातो, वरचं तसंच उभं. सरळ, स्वच्छ. २०. मला चक्क बरं वाटायला लागलं. बघा, धरून ठेवतेय.
३१व्या चमच्याला सगळं एकदम आलं. पेटीची काच तडकली.

आधी कुजबूज नाही, बारीक सुटणं नाही. कोरड्यात ढीग बोलत राहतो. ओल्यात तो गप्प बसतो, आणि आपण त्या गप्प बसण्याला शिस्त समजतो. आपण पायथा काढत राहतो. आपणच त्याला उभा करत नेतो.

वयनी दारात होती. किती वेळ, माहीत नाही. केरसुणी आणून माती गोळा करायला लागली. मी म्हटलं मी करते. "काच लागात," म्हणाली.

२० नोव्हें.
तडकलेल्या बाजूला फळी लावून परत: ९ चमचे. २२. ४. १७. एकही आकडा दुसऱ्यासारखा नाही.

२२ नोव्हें.
आज केलं ते लिहिते.
वयनी विहिरीवर होती. डबा उघडला, फोन काढला. कुलूप नाही त्याला. यादीत एप्रिल शोधला. माझ्या नावासमोर 'हेमा बेंगलोर' असं त्याने लिहिलेलं. सहा मिनिटं. पुसून टाकायची खूण बोटाखाली होती.
त्याऐवजी ऐकायची दाबली. "हेमा, जेवलंस मा?" इतकंच ऐकलं. बंद केला. हे मला आठवतच नव्हतं, की त्याने आधी हे विचारलं होतं.
फोन होता तसा ठेवला. वयनी कळशी घेऊन आली, माझ्याकडे बघितलं, भाताचं आधण ठेवलं.

२४ नोव्हें.
दुपारचं रेकॉर्डिंग मार्चअखेरचं. आता एप्रिल.
सांगायचं ठरवलं. तिच्यासमोर बसले. खोबरं किसत होती. मी म्हटलं, "वयनी, बेंगलोरला थंडी पडली म्हणे."

२५ नोव्हें.
आजही नाही.
नि.चा फोन. "मॅडम, काय ठरलं?" म्हटलं, ओल्या मातीचे प्रयोग चालू आहेत. तो गोंधळला. "पण मग पद्धत चालत नाही असं निघालं तर?" निघालंच आहे म्हटलं. तो हळू आवाजात, "माझी नोकरीची मुलाखत आहे जानेवारीत."
हे मला माहीत होतं. तरी.

२७ नोव्हें.
सांगितलं.
जेवणानंतर ती फोन काढायला उठली तेव्हा तिचा हात धरला. सगळं एका दमात. एप्रिल, वाळू, शंभर टक्के. माझा आवाज मलाच कोणा परक्या बाईचा वाटत होता.
ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी ऐकलंय. तुझोच फोन पयलो ऐकलंय."
मी म्हटलं, "मगे माका बोलूक कित्याक नाय?"
"तू सांगशीत म्हणान रवलंय."
म्हणजे मी इथे आल्यापासून. पेज वाढताना, चाळण देताना, काचा वेचताना. सगळं माहीत असताना.
तिने डबा उघडला नाही. आज काही न ऐकता झोपायला गेली.

२८ नोव्हें.
सकाळी मला म्हणाली, "चप्पल घाल." चालत सड्यावर. तिने चालायचा वेग कमी केला नाही, मला दम लागला.
खाण बंद. चिरे कापायच्या यंत्रावर ताडपत्री. ज्या बाजूला ढीग पडला ती बाजू उघडी, तांबडी. उरलेला ढीग शेजारी तसाच उभा. भिंतीसारखा.
ती पायथ्यापासून लांब थांबली. "बारा माणसांचा काम अडकला हा. बाबल रोज इचारता. आता माका सांग, खाण चालू करू?"
मी वर बघितलं. आकडे डोक्यात: ९, ३१, ४.
"माका म्हायत नाय, वयनी."
तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली. सगळ्या सड्यावर ऐकू जाईल इतकं.
"ह्या 'म्हायत नाय' एप्रिलात तेंका कित्याक सांगूक नाय?"

२९ नोव्हें.
जेवण वाढलं होतं, झाकून.

३० नोव्हें.
नि.ला मेल पाठवला. निबंध थांबवायचा. ओल्या कणांचा भाग पूर्ण जोडायचा, पद्धत कुठे फसते आणि का, आकड्यांसकट. त्याच्या मुलाखतीसाठी मी स्वतंत्र पत्र लिहीन, काम त्याचं चोख होतं आणि चूक माझ्या प्रश्नात होती. त्याचं उत्तर आलं: 'ठीक आहे, मॅडम.' त्यात राग आहे. असू दे.

२ डिसेंबर
वयनीने ठरवलं. उरलेला ढीग वरून, डोक्याकडून उतरवायचा. खालून कोणी हात लावायचा नाही. माती उपसायचं मशीन बांद्याहून येतंय. मला विचारलं नाही, पण माझ्यासमोर फोनवर बोलली. शेवटी म्हणाली, "उद्या सगळ्यांका बोलावलंय. तेंच्यासमोर तू सांगूचा. तुझ्या दादाक काय सांगलंलस ता, आणि आता काय कळला ता."
"सगळा?"
"सगळा."

३ डिसें.
खाणीवर. बारा जण, बहुतेक कर्नाटकातले, तीन बायका. बाबल. वयनी एका चिऱ्यावर बसलेली.
आयुष्यभर सभागृहांत बोलले. इथे उन्हात उभी राहिले. सांगितलं. भावाला मी काय म्हटलं, ते खोटं नव्हतं पण अर्धं होतं, उरलेलं अर्धं मी तपासलंच नव्हतं. ओला ढीग पडण्याआधी सांगत नाही. तो कधी पडेल हे मला कळत नाही, मशीन लावल्यावरही कळणार नाही.
मग मागची एक बाई, डोक्यावर टॉवेल बांधलेला, म्हणाली, "मग बाई, आम्ही कुठं उभं राहायचं?"

अठरा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

बाबलने आखणीच्या चुन्याची, फक्कीची, पिशवी दिली. मी पायथ्यापासून पावलं मोजत पांढरी रेघ मारली. वळून ढिगाकडे बघितलं. पुरेशी वाटेना. आणखी मागे गेले, दुसरी मारली. मग तिसरी. माणसं माझ्यामागे मागे सरकत होती. रेघ चिरे कापायच्या यंत्राच्याही पलीकडे गेली.
बाबल म्हणाला, "हय रवान काम कसा होतला गो?"
मी पिशवी झटकली, फक्की संपली होती.
वयनी उठली. रेघेजवळ येऊन उभी राहिली, ढिगाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"आणखी फक्की आणूक सांगतंय," म्हणाली.