तळाचे टिपके

३ मार्च
पुन्हा दादानेच वेल्ड केलेला सांधा! उजेडाच्या पेटीवर एक्स-रेची फिल्म लावली. पाइपचा वरचा भाग स्वच्छ, बाजू स्वच्छ, आणि तळाशी काळे टिपके – मोहरी सांडल्यासारखे. एकेक टिपका म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत अडकलेला बुडबुडा. नापास. सही माझी.
फोरमन म्हणाला, “बाई, भाऊ आहे म्हणून सूट नको हं.” जशी काही मी देणारच होते!

५ मार्च
दादा जेवणाच्या सुट्टीत आला. “चिमे, पाइप चौकटीत पक्के बसवलेत. ते फिरत नाहीत, मग मीच फिरतो. वरचं वेल्डिंग उभ्याने, बाजूचं वाकून, तळाचं पाठीवर निजून. निजलो की गॅसची नळी मुडपते. गॅस कमी पडला की वितळलेल्या धातूत हवा घुसते. लांब नळी द्यायला सांग ना.”
मी म्हटलं, बुडबुडा वरच जाणार. वरून जोडताना तो बाहेर निघतो. खालून जोडताना वर म्हणजे आत. तिथे हात झटपट हवा, दादा.
“मला शिकवतेस होय?” हसला. ते हसू मला मुळीच आवडलं नाही.

६ मार्च
फोरमनला नळीचं सांगितलं. “नळी तीच आहे हो बाई, हात साठीला आलेत!” सगळे हसले. मीही – बहुतेक.

९ मार्च
माझ्या टेबलावर दादाने केलेली तारेची खुर्ची आहे. शाळेत असताना मला ताप आला होता, तेव्हा उशाशी ठेवली होती त्याने. बोटाएवढी, पण चारही पाय टेकतात. अजून.
आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, खरं बोलणाऱ्या मुलीला शांत झोप लागते. खरं तेच तर सांगतेय सगळ्यांना. झोप कुठेय?

११ मार्च
आणखी एक फिल्म. तेच टिपके. दादाकडून हे काम काढून घ्यावं, असं मीच लिहून दिलं. कारण – ‘वयोमानामुळे हाताची गती मंदावली आहे.’ एकदाही अडखळले नाही. अक्षर तर असं, की सिस्टरनी पाठ थोपटली असती!

१२ मार्च
वहिनीचा फोन. “वन्सं, हे कालपासून हात पुढे धरून बसलेत. मला विचारतात, बघ गं, कापतो का?”
मी म्हटलं, वहिनी, नियम आहे.
“नियमाला भाऊ नसतो, वन्सं. तुम्हाला होता.” आणि फोन आपटला.

१३ मार्च
दादा फोन उचलत नाही.

१६ मार्च
दादाच्या जागी आलेला वेल्डर पंचविशीचा आहे. आज त्याची पहिली फिल्म. वर स्वच्छ, बाजू स्वच्छ. तळाशी मोहरी.
फोरमन पेटीवर वाकला आणि ओरडला, “अरे, आधी त्याची नळी तपासा!”