थोरलीच्या गादीपुरती जागा

प्रिय ताई,

खोलीत चारच माणसं राहायची, ही अट मालकीणबाईंनी आज दारात येऊन स्वतः मागे घेतली. त्या अटीपायीच, तिसरं मूल झाल्यावर, थोरलीला वर्षभरासाठी तुझ्याकडे ठेवली होती. त्याला आता पाच वर्षं झाली.

लगेच फोन केला. म्हटलं, "बाळा, ये आता घरी."

ती म्हणाली, "आईला विचारून सांगते हं, मावशी."

मागून तू हसलीस, "अगं वेडे, आई तीच तुझी." मीही हसले. मग शिलाई मशीन सरकवून तिच्या गादीपुरती जागा केली.

हे पत्र टाकायला मन धजत नाही. रविवारी हे तिला न्यायला येतील. ती तुझ्यामागे लपली, तर ओढून आणायचं नाही, असं त्यांना बजावलंय. मग चहा घेऊन ते एकटेच परततील.

तुझी धाकटी बहीण